आबांच्या नावानं

११ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी ऑडिशन! बाप गेल्यावर सासरहून आलेली लेक दारातूनच हेल काढून रडते – तेवढाच प्रसंग करून दाखवायचा. हे काम मला पाहिजे म्हणजे पाहिजेच. आजवर गर्दीतच उभी राहिले, आता बास. पण माझं रडणं मुळूमुळू. नाटक बसवणारे उदयसिंह सर म्हणाले, "गावाकडं रडतात तसं. नाव घेऊन, गुण आठवून."

शेजारच्या मुक्ताबाई कुणाच्याही मयताला पहिला हेल धरतात. शिकवा म्हटलं तर कानाला हात लावले. "मयत नसताना रडायचं नसतंय, पोरी."

१३ नोव्हेंबर, गुरुवार



आई कामावर गेलेली. आबा रात्रपाळीहून एरवी सकाळीच येतात, आज आले नव्हते. म्हटलं, रिकामं घर आहे. दार लावून सुरू केलं. नाव कुणाचं घ्यायचं? आबांचंच घेतलं. "आबा, मला टाकून कुटं गेला, तुमची सायकल कोण पुसंल –" आणि आवाज लागला की! मलाच भरून आलं. दार उघडते तर अंगणात आमची निम्मी कुंभारी वस्ती जमलेली. मुक्ताबाई तोंडाला पदर लावून रडतायत. समोरच्या ईरप्पा मामांनी तिरडीला बांबूसुद्धा आणलेले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा सायकल हातात धरून आले. "कोण गेलं?"

आबांनी माणसं पाहिली, बांबू पाहिले आणि मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ नोव्हेंबर

सगळी वस्ती हसतेय. आबांना म्हणतात, "ज्ञानबा, आयुष्य वाढलं की तुजं." आबा हसत नाहीत, जेवतही नाहीत. आईनं झाप झाप झापलं. "जित्या माणसाच्या नावानं रडतीस? नाटक बंद!"

संध्याकाळी आबाच म्हणाले, "जाऊ दे तिला." मग माझ्याकडं बघून, "माजंच नाव घे. लई चांगलं रडत हुतीस."

असला बाप कुणाचा असतो का?

१६ नोव्हेंबर, रविवार

मिळालं! मिळालं! आबांचं नाव घेतलं आणि सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

१७ नोव्हेंबर

आबांना पेढा दिला. तो हातातच धरून बसले. म्हणाले, "त्या दिशी पाळी सुटल्यावर डॉक्टरकडं गेलतो. पोटात गाठ हाय. लई उशीर झालाय म्हणला. दारात गर्दी बघून वाटलं, ह्यास्नी आधीच कसं कळलं."