निळ्या धाग्याची चकती

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मी खाटेवर पाय वर घेऊन बसले आहे, पण तू मला वाकलेली समज.) इकडे माझं उत्तम चाललं आहे, काळजी नसावी. तुझी कंबर कशी आहे? वहिनी लिहिते की तू अजून तसाच पोक काढून रेडिओ दुरुस्त करतोस आणि स्वतःला दिसत नाही म्हणून रेडिओला शिव्या घालतोस. वहिनीची पत्रं येतात. तुझं चार वर्षांत एकही नाही. माझं हे बारावं. एवढी पत्रं मी भिंतीला लिहिली असती तर तिनेही एखादा पोपडा टाकला असता.

मी इथे नक्की काय करते, असं तू वहिनीला विचारलंस म्हणे. मला विचारलं असतंस तरी चाललं असतं, पण असो. आम्ही ॲल्युमिनियम नायट्राइडच्या चकत्या करतो. नावाला भिऊ नकोस. ॲल्युमिनियम म्हणजे वहिनीच्या पातेल्यातलं, आणि नायट्रोजन म्हणजे जो आपण श्वासातून आत घेतो आणि काही न करता तसाच सोडून देतो तो. दोघांना दोन हजार अंशांच्या वर भट्टीत घातलं की कित्येक दिवसांनी एक पिवळसर स्फटिक तयार होतो. (भट्टी मध्येच उघडून बघायची नसते. तू पहिल्याच दिवशी उघडली असतीस.) तो कापून, घासून, चष्म्याच्या काचेएवढ्या चकत्या काढायच्या. चकतीचा स्वभाव असा, की विजेला ती दारातही उभं करत नाही, पण उष्णता आली की तिला सरळ पलीकडे पोचवून देते. त्यामुळे तिच्यावर बसवलेला भाग तापून मरत नाही. तुझ्याकडे निम्मे रेडिओ तापून मेलेलेच येतात ना? शिवाय तिच्यावर असे दिवे बनतात की ज्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, पण पाण्यातले जंतू मारतो. एवढी गुणाची, पण तिच्या भुकटीला ओल म्हणून सोसत नाही. एकदा मी डब्याचं झाकण अर्धवट लावलं. भुकटी दमट झाली आणि मुतारीसारखा वास सुटला. दिवसभर सगळे एकमेकांच्या पायमोज्यांकडे संशयाने बघत होते. मीही बघत होते, कारण अशा वेळी शहाण्या माणसाने तेच करायचं असतं.

पण आमचा खरा वैरी म्हणजे धूळ. एक कण बसला की चकती बाद. म्हणून आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला फडकं आणि हातात दोन-दोन मोजे घालतो. माणसाचे फक्त डोळे दिसतात. माझ्या शेजारच्या बाईचं नाक मी दोन वर्षांनी पाहिलं आणि मला उगाच वाईट वाटलं, मी वेगळंच नाक धरून चालले होते. हवासुद्धा इथे गाळून येते. दादा, निघताना भांडणात मी म्हणाले होते, "तुझ्या या धुळीत मी जन्म काढणार नाही." माझं म्हणणं इतकं अक्षरशः खरं होईल असं वाटलं नव्हतं. आता कुणाला खोटं वाटेल, पण मला दुकानातल्या धुळीची आठवण येते. रेडिओची पाठ उघडून तू फुंकर मारायचास, सगळी धूळ माझ्या तोंडावर यायची आणि तू म्हणायचास, "घे, पावडर लाव." त्या फुंकरीसाठी जीव तुटतो.

शिवाय इथे थंडी फार. म्हणून मी झग्याच्या आत तुझा निळा स्वेटर घालत होते. (हो, मीच नेला. वहिनीवर आळ घेतला असशील तर मागे घे.) लोकर घालायला सक्त मनाई आहे. व्हायचं तेच झालं. एका चकतीवर दिव्यासाठीचा थर भट्टीत चढवायच्या वेळी तुझ्या स्वेटरचा धागा पडला. धागा जळून गेला, पण वळणावळणाचा डाग राहिला. आमच्या साहेबांना आम्ही भिंगसाहेब म्हणतो. त्यांनी तो डाग भिंगाखाली बघितला, मग माझ्या गळपट्टीशी डोकावणारा दुसरा धागा बघितला, आणि काहीच बोलले नाहीत. तूही रागावलास की असाच गप्प बसतोस, म्हणून मला ते फार लागलं. शिक्षा अशी झाली, की पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार होते, त्यांना तीच बाद चकती हातात धरून बर्फ कापून दाखवायचा.

यात जादू नाही. चकती बोटांत धरून बर्फावर टेकवली की बोटांची ऊब तिच्यातून थेट बर्फात जाते आणि चकती लोण्यात सुरी जावी तशी आत जाते. मी टेकवली. बर्फ ढिम्म. पाहुणे वाकून बघतायत, मी घामाघूम, आणि मनात म्हणतेय, आपले हात जन्माचेच गार, दादा बेडकी म्हणायचा ते काही खोटं नाही. शेवटी भिंगसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, हातमोजे काढा." दिवसभर घालून घालून ते मोजे आहेत हेच मी विसरले होते. पण काढायला हात धजेना. चार वर्षांत चकतीला उघड्या हाताने शिवले नव्हते.

काढले. चकती बोटांत धरली आणि बर्फात गेली की. त्याच क्षणी गारठा बोटांतून कोपरापर्यंत चढला, आणि मला आपलं दुकान आठवलं. शाळेतून आले की माझे गारठलेले हात तू आपल्या हातांत घ्यायचास. सोल्डरिंग करून करून तुझे हात सदा गरम. बोलायचं काही नाही, फक्त धरून ठेवायचं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्यांच्यासमोर भोकाड पसरलं. त्यांना वाटलं, बर्फाने बोटं भाजली.

वहिनीला नमस्कार. कंबर जप.

तुझी,
बेडकी

ता. क. चकती शेवटी फुटली. डागाचा तुकडा भिंगसाहेबांनीच कागदात बांधून दिला, तो सोबत पाठवते आहे. बर्फावर धरून बघ. तुझ्या हातात तो माझ्या दुप्पट वेगाने कापेल, पैजेवर सांगते.

ता. क. २ वर "उत्तम चाललं आहे" असं लिहिलंय ते वहिनीसाठी. पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. धुळीबद्दल बोलले ते चुकलेच. पानभर लिहू नकोस, तुला जमणारही नाही. "ये" एवढंच लिही.

ता. क. ३ वहिनी लिहिते की दुकानातल्या माझ्या स्टुलावर तू कुणालाच बसू देत नाहीस आणि त्यावर बोटभर धूळ साचली आहे. ती पुसू नकोस. मी येऊन बसेन.