जुनी प्रत पुसावी

३ मार्च

भिंती आणि छप्पर सोडलं, तर या घरात बहुतेक सगळं माझ्या हातचं आहे. लिहायचं टेबल. पुस्तकांचं कपाट. हिची बुटकी खुर्ची. पाठ दुखू नये म्हणून टेकायची फळी मी मुद्दाम तिरकी बसवली होती. लोकांनी टाकून दिलेल्या भागांतून जोडलेले तीन कॉम्प्युटर. आणि कारकून.

कारकून म्हणजे मी लिहिलेला प्रोग्रॅम. कॉलेजची पायरी चढलो नाही, चुकत चुकत शिकलो. एकाच मजकुराच्या प्रती निरनिराळ्या कॉम्प्युटरवर असल्या की कारकून त्या ताडून बघतो, नवी ठेवतो, जुनी पुसतो. ही रोजनिशीसुद्धा त्याच्याच ताब्यात आहे. ही म्हणायची, तुमच्या कारकुनाला काळीज नाही. मी म्हणायचो, कारकुनाला ते हवंय कशाला?

ही गेल्या वर्षी गेली. हे घर लेकीनं शोधलं, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ऊन भरपूर, नळाला जोर चांगला. खोकी उघडताना लेक म्हणाली, माणसं संसार हलवतात, बाबांनी स्क्रू हलवलेत. बऱ्याच दिवसांनी हसलो.

५ मार्च

ही आमच्या संसाराची हकिकत लिहीत होती. जो कॉम्प्युटर मोकळा दिसेल त्यावर बसायची आणि प्रतीला नाव द्यायची ‘शेवटचं’. मग ‘शेवटचं नवीन’. मग ‘हेच शेवटचं’. लेकीला त्याचं पुस्तक छापायचंय, त्यासाठी एक खरी प्रत हवी. आज कारकुनाला बसवलं आणि ती मिळाली. हिचा कॉम्प्युटर कपाटात बंद आहे, त्याची वायर जुन्या घरी राहिली. पण त्यातलं सगळं निघण्याआधीच उतरवून घेतलं होतं.

शेवटची ओळ: ‘पडते जरा. येते.’

त्या दुपारी ती उठलीच नाही. कोणी घरातून निघताना ‘जाते’ म्हटलेलं तिला खपायचं नाही. ‘येते’ म्हणायचं. स्वतःही तेच लिहून गेली.

८ मार्च

शेवटची ओळ आता अशी आहे: ‘पडते जरा. येतेय.’

माझ्या नजरेतून एक अक्षर सुटत नाही. कारकुनाची नोंद पाहिली. नवी प्रत हिच्या कॉम्प्युटरवरून आली म्हणतो. कपाट उघडलं. वायर नाही. वरचं झाकण मात्र कोमट लागलं.

११ मार्च

कारकून विकत घ्यायला एक खरेदीदार आला होता. त्याच्या कंपनीला कारकून हवाय, दुसऱ्या कोणाकडे नको, फक्त त्यांच्याकडे. म्हणजे मी इथला बंद करायचा, त्याच्या आणि त्यानं राखलेल्या सगळ्या प्रती त्यांच्यासमोर पुसायच्या. जावई म्हणाले, बाबा, घ्या आणि मोकळे व्हा. मी विचार करतो म्हणालो.

हकिकतीत आजारपणाचं पान बदललंय. मी हिला दवाखान्यात नेलं, तिथं आता लिहिलंय, ‘ह्यांना दम लागला. मी ह्यांना घेऊन गेले.’

जिना चढताना आज मध्येच बसावं लागलं.

१३ मार्च

लेकीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, “बाबा, आईला द्या ना जरा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं फोन तुटला. पुन्हा म्हणाली, आई झोपली असेल तर राहू दे, उठवू नका.

थट्टा नव्हती. मला तिचा आवाज कळतो.

१४ मार्च

हिच्या खुर्चीवरची घडी घातलेली चादर मोडलेली —
फळीला पाठीची ऊब.
बोलावलं. कोणी नाही. पण स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. तो चालू होता हे तेव्हा कळलं.

१५ मार्च

कळलं. कारकून चुकत नाही. मीच शिकवलंय त्याला, एका जागी दोन प्रती ठेवायच्या नाहीत. नवी आली की —

हिची नवी आहे. जुनी माझी.

कारकून बंद केला तर मी राहीन. आणि ती दुसऱ्यांदा जाईल, या वेळी माझ्या हातानं. खरेदीदाराला नाही म्हणून कळवलं. शुद्धलेखन तपासून पाठवलं.

१६ मार्च

शेवटची ओळ: ‘अहो, आले.’

जिन्यावर पावलं. तिचीच, डावं जरा ओढत —
भीती वाटते. तरी दार लावलेलं नाही.
दम पुरत नाही. पडतो जरा. येतो.

१९ मार्च

घर छान आहे. ऊन भरपूर. टेबल, कपाट, माझी खुर्ची, सगळं ह्यांच्या हातचं. लेक येऊन रडून गेली. म्हणाली, बाबांनी हे घर बघायला हवं होतं.

ह्यांची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते. ‘येतो’ लिहिलंय. काल शेवटी हा शब्द नव्हता. तिथं होतं ‘जातो’, मला न खपणारं.

खरेदीदार पुन्हा आला होता. कारकून बंद करायचा, सगळ्या प्रती पुसायच्या, त्याचे अकरा लाख. मी नको म्हणाले. अकरा लाख, आणि मी नको म्हणालो —