हिच्या फुलपाखराचा निळा

४ मार्च

कार्टीने फुलपाखरू नासवलं! हिने, माझ्या बायकोने, आमच्या लग्नाच्या वर्षी पकडलेलं, एकुलतं एक. तीस वर्षं काचेच्या पेटीत जसंच्या तसं. ही गेल्यापासून मी रोज सकाळी त्याच्याकडे बघूनच चपला घालतो. आणि पोरीने पेटी उघडून पंखावर सरळ स्पिरिटचा थेंब सोडला! माझ्या डोळ्यांदेखत निळ्याचं हिरवं झालं.

"बाबा, दहा मिनिटं थांबा, काही होत नाही." काही होत नाही म्हणे! मी टीपकागद घेतला, अंगठ्याने दाबून जमेल तेवढं स्पिरिट टिपलं, टीपकागदासकट पेटी कपाटात घातली, किल्ली खिशात.

५ मार्च

सकाळी चहाबरोबर पोरीचं व्याख्यान. त्या पंखात निळा रंग मुळात नाहीच, बाबा. आहे तो तपकिरी. पंखावरच्या खवल्यांना कंगोरे असतात, केसाहून कितीतरी बारीक, थरावर थर, मध्ये हवा. उजेड त्यांवरून परततो तेव्हा निळा तेवढा उठून दिसतो. हवेच्या जागी स्पिरिट शिरलं की हिरवा...

"एकतीस वर्षं संग्रहालयात किडे टाचतोय, मला शिकवू नकोस!"

निळा नाहीच म्हणे! मग ही काय तपकिरी फुलपाखरासाठी गुडघाभर चिखलात धावली होती? हातात जाळी, पायात एकच चप्पल, आणि हसत होती. मी बघितलंय.

६ मार्च

संग्रहालयाच्या क्युरेटरना लेखी दिलं — माझी मुलगी नमुन्यांची हेळसांड करते, तिला कीटकांच्या खोलीत प्रवेश देऊ नये.

ते चष्मा काढून बघतच राहिले. "अहो, तिचा प्रबंध अडेल. दोन वर्षांचं काम आहे. पोटची पोर ना तुमची?"

अडू दे! पंखाला बोट लावायचं नाही, हे मी शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात भरवलं. दारावरची पाटीसुद्धा माझ्याच अक्षरातली. आणि माझ्याच घरात हे दिवे!

७ मार्च

तिने माझा चहा ओट्यावर ठेवला आणि खोलीत गेली. मी तो मोरीत ओतला.

९ मार्च

गेली. मैत्रिणीकडे राहणार म्हणे. संग्रहालयात आज दारातूनच परत पाठवलं तिला. रडली असावी, डोळे सुजले होते. पण वाकेल तर शपथ! बॅग उचलताना म्हणाली, "एकदा पेटी उघडून बघा तरी."

"काय बघू? मढं?"

हे बोलायला नको होतं. पण बोललो. आणि खोटं काय त्यात?

१२ मार्च

क्युरेटरचा निरोप — कायमची बंदी हवी तर पुरावा द्या, उद्या अकराला पेटी घेऊन या, फोटो काढू. आता माझ्या शब्दालाही पुरावा लागतो! आणतो की. बघा म्हणावं डोळे फाडून.

१३ मार्च

पेटी उघडली. निळं आहे! स्पिरिट उडून गेलंय, थेंब पडला होता तिथेही निळंच, पहिल्यासारखं. फक्त कडेला एक तपकिरी डाग, अंगठ्याच्या आकाराचा. खवले निघालेत, टीपकागदाला चिकटलेत. अंगठा न टेकवता डागावर धरून बघितला. ठसा माझाच.

अकराला पुरावा घेऊन जायचंय.