किनाऱ्यावरची शहाळी

म्दजुवानी, ग्रांद कोमोर
शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर

चिरंजीव आन्फान यास थोरल्या बाबांचे सलाम व दुआ.

मार्सेयची थंडी ओसरली असावी. इकडे अंगणात लवंगा वाळत आहेत. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. वडीलही बरे आहेत, असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहितो.

तुझी कादंबरी वाचली. भाडोत्री गोरे सैनिक, रबरी होड्या, अध्यक्षांच्या निवासावरचा हल्ला. आमच्याकडे घडलेले तू एका काल्पनिक बेटावर नेलेस. त्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती रेडिओवरील मुलाखतीस. सैनिकांना वाट दाखवणारा फितूर कोळी कसा सुचला, या प्रश्नावर तू म्हणालास, "आमच्या गावात तसा माणूस खरंच होता." तो कल्पित असेल तर 'खरंच' हा शब्द खोटा, खरा असेल तर 'फितूर' हा शब्द खोटा. तिसरा पर्याय मला सापडत नाही.

त्या पहाटे किनाऱ्यावर एकच कोळी होता, आणि तो म्लाइली, तुझा बाप, हे गावातले शेंबडे पोरही जाणते. समुद्रातून भिजून आलेली माणसे पाहून त्याने शहाळी फोडून दिली. आपल्यात समुद्रातून आलेल्यास आधी पाणी देतात, नाव मागाहून विचारतात. बंदुका त्याला नंतर दिसल्या. ही हकिगत त्यानेच तुला मांडीवर घेऊन सांगितली होती, स्वतःच्या बावळटपणावर हसत.

मुलाखत चौकात सर्वांनी ऐकली. साऱ्या गावाला जेवू घालून थोरले लग्न केलेल्यांनाच तिथे बसण्याबोलण्याचा मान. तो मिळवण्यात म्लाइलीचे अर्धे आयुष्य गेले. इमामांनी विचारले, "म्लाइली, पोरगा म्हणतो ते खरं का?"

मी त्याला कोपराने ढोसले. "अरे, तोंड उघड! शहाळ्यांचं सांग!"

हा शहाणा उठला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "पोराने पुस्तकात छापलंय. शिकलेलं पोर खोटं कसं लिहील?"

घरी येताना मी संतापून म्हणालो, "वेड लागलंय का तुला?"

"दादा, मी नाही म्हटलं असतं तर आन्फान खोटा पडला असता की. मिरवायला माझ्याकडे दुसरं आहे काय?"

आयुष्यभर मदरशात तर्कशास्त्र शिकवले. या युक्तिवादातली चूक मात्र अजून शोधतो आहे.

गावाने त्याला वाळीत टाकले आहे. त्याला कोणी सलाम करत नाही. त्याच्याशी बोलेल तोही चौकाबाहेर. मी बोलतो. पुढचे अनुमान तू काढ.

आता वडिलांविषयी वर केलेले विधान मागे घेतो. मोरोनीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की पाऊसकाळ काही तो पाहणार नाही. वाळीत टाकलेल्याच्या जनाज्याला कोणी येत नाही. जनाजा उचलण्यास चार खांदे लागतात. इथे एक आहे, आणि तोही म्हातारा.

तू येऊन उपयोग नाही. थोरले लग्न न झालेल्याचा शब्द चौक ऐकत नाही. रेडिओ मात्र ऐकतो. तेव्हा त्याच रेडिओवर सांग, की फितूर मी रचला आणि माझ्या बापाने तहानलेल्यांना पाणी दिले. लोक तुला खोटारडा म्हणतील. म्हणू देत. त्याने तुझ्यासाठी फितूर म्हणवून घेतले आहे.

हे पत्र त्याच्या नकळत लिहीत आहे. कळले तर म्हणेल, "पोराच्या कामात लुडबुड नको."

त्याच्या जनाज्याचा पहिला खांदा,
तुझा थोरला बाबा
म्बेचेझी