गुळानं तोलायचं राहिलेलं पोर

५ जाने. सोम. लासुर्णे
अश्विनी आली पुण्याहून. नात असावी तर अशी. आल्या आल्या दोन भाकरी खाल्ल्या, वांग्याला नावं ठेवली न्हाईत. जुनी मोडी वाचायला शिकलीय. मी चौथी पास, मला सरळ अक्षर लागत न्हाय आन् ही वाकडं वाचती! माझ्या माहेराकडचे, सांगवीजवळच्या गढीच्या सरकारांचे कागद आणलेत. म्हणली, "आज्जी, सरकारांचा थोरला वारस हरवलाय. महिन्याचा असताना गेला असं लिहिलंय, पण ना समाधी, ना दिवस घातल्याचं काही." म्हणलं शोध बाई, म्हैस हरवली तरी आपण चार गावं फिरतो. लई हसली.

७ जाने. बुध.
सकाळी ओसरीवर एक चिठ्ठी वाचली तिनं. सरकारांच्या बायकोनं भावाला लिहिलेली, धाडायची राहिलेली. तीन लेकरं गेली, हे चौथं. सुपात घालून तांबोळणीला पसाभर कोंड्यावर विकलं, नाक टोचलं, मेलं म्हणून लिहून टाकलं. पाच वर्षं तोंड बघायचं न्हाय. मग गुळानं तोलून परत घ्यायचं.
अश्विनीच्या डोळ्यांत पाणी. "विकलं गं आईनंच!"
अगं येडे, पोरं जगत न्हवती की असंच करायचे. दुसऱ्याचं हाय म्हणलं की मरण फसतं. माझा चुलता बी असाच इकलेला, म्हणून कोंडिबा. तो आणला परत, गावभर गूळ वाटून.
"मग हा का नाही आला?"
ते बी कागदातच निघालं. पोर चार वर्षांचं झालं आन् आई तापानं गेली. सरकारनं दुसरी केली, तिला मुलगा झाला. मग कोण आठवतंय.
मला आपलं पोलिसासारखं वाटाय लागलं. नातीच्या मांडीला मांडी लावून तपास! पण दुपारी पीठ मळताना हात थांबला. सांगवीत तांबोळ्याचं घर एकच. जुबेदाचं.

८ जाने. गुरु.
जुबेदा माझी मैत्रीण, परकर नेसायच्या वयापासनं. तिचा बाप दगडूचाचा. नाकाला भोक. पानाची टोपली घेऊन बारामतीच्या बाजारला जायचा. गूळ कधी खायचा न्हाय. गुऱ्हाळावर माझे वडील, बापू, त्याला चिडवायचे, "दगडू, उसाच्या गावात राहून गुळाचं वावडं व्हय रं?" तो म्हणायचा, "माझा गूळ यायचाय अजून."
सगळी हसायची. मी बी हसले. सात वर्षांची असंन.
आज चहात गूळ घालवंना.

१२ जाने. सोम.
चार दिस अश्विनीला सांगितलं न्हाय. जुबेदाची छाती कमकुवत झालीय, आता कळून काय करायचं, असं वाटायचं. पण पोरगी गढीतल्या समाध्यांचे फोटो बघत बसलेली, बघवंना. सांगितलं. उडीच मारली तिनं. "आज्जी, हे छापलं पाहिजे!" म्हणलं, आधी जुबेदाला सांगू. ती न्हाय म्हणली तर न्हाय.

१७ जाने. शनि.
सांगवीला जाऊन आलो. येष्टीत जागा मिळाली, एका बाईनं बोरं दिली, असू दे ते.
जुबेदा दारातच, "ये म्हातारे, दात हायेत का गं अजून?"
"चार. तुझ्यापरीस दोन जास्त."
मग सांगितलं. ती सुपारी कातरत हुती, कातरतच राहिली. मान वर न करताच बोलली.
"अब्बाला वाटायचं, टाकून दिलं. पाच वर्सं झाली तवा दादी त्याला न्हाऊ घालून गढीवर घेऊन गेली. दोनदा. दारातनं हाकललं. मरताना बी म्हणला, माझ्यात काय खोट हुती गं?"
"खोट न्हवती गं. आईच न्हवती राहिली."
"ते त्याला कुणी सांगायचं आता?"
अश्विनी हळू म्हणाली, "आजी, तुमचे वडील खरे सरकार होते."
"तांबोळी हुता. पानं इकायचा. लिवायचं तर ते लिव." आडकित्ता ठेवला तिनं. "त्या बाईचं नाव काय गं? दर जुम्मेरातीला गेलेल्यांच्या नावानं फातिहा देते. दादीचं नाव घेते, अब्बाचं घेते. हिचं बी घेते."
अश्विनीनं तिथंच कागद चाळले. सगळीकडं 'सरकारांचे कुटुंब'. चिठ्ठीखाली नुसतं 'तुमची बहीण'.

२२ जाने. गुरु.
अश्विनीचा पुण्याहून फोन. वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष हायेत, घोड्याचं सुद्धा नाव सापडलं एका कागदात. तिचं न्हाय. माहेर कुठलं ते बी लागंना. शोधतीय.
दिवस कलताना जुबेदाचा फोन.
"मिळालं का?"
"न्हाय गं अजून."
"आज जुम्मेरात हाय. उदबत्ती लावून बसलेय. काय म्हणून हाक मारू तिला?"
फोन कानाला तसाच. तिकडं तिनं बी ठेवला न्हाय.