बेल्ट लावलेला पाटा

अहो,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपली, गुरुजी गेले, आणि मृणाल सकाळचा प्रकार फोनवर नातेवाइकांना रंगवून सांगते आहे. आपल्या लेकीची हकिगत तुमच्यापर्यंत पोचायच्या आत माझी पोचावी, म्हणून तिच्याच डायनिंग टेबलाशी बसून लिहिते आहे.

आधी माझ्या पाट्याचं बोलू. आईने दिलेला तो पाटा पुण्याहून विमानाने इथे परदेशात आणला, तो चटणी वाटायला. आणि तुम्ही दर हिवाळ्यात तो उचलून गाडीच्या डिकीत टाकायचात! वजन असलं की गाडी घसरत नाही म्हणे. तुमच्या पहिल्या जुन्या गाडीला ते चालत असेल. या हायब्रिडला पुढची चाकं ओढतात, मग मागे वजन टाकून काय उपयोग, हे मृणालने किती वेळा सांगितलं? पोरगी इंजिनिअर, पण ऐकणार कोण?

तुम्ही गेल्यापासून तिचा डोळा गाडीच्या किल्लीवर आहे. काळजीपोटीच, मला कळतं. परवा स्पष्टच बोलली, "आई, लेट्स बी सेन्सिबल. या विंटरमध्ये एकदा जरी स्टक झालीस आणि मला बोलावलंस, तर गाडी विकायची. डील?"

मी डील म्हटलं. पण गाडी गेली की मी घरात बसले. भाजी, मंडळ, मैत्रिणी, सगळं तिच्या सवडीने. म्हातारी व्हायची मला एवढी घाई नाही हो.

आणि नेमका आज बर्फ! तुमच्याच श्राद्धाला स्टॅनमोरच्या आपल्या घरून ईलिंगला मृणालकडे निघायचं, मागे खिरीचं पातेलं, आणि गाडी आपल्या दारातल्या चढावरच अडली. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा नुसता मिचमिचत होता. चाक जरा घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल त्याचा जोर काढून घ्यायचा. मी ॲक्सिलरेटर दाबतेय आणि गाडी ढिम्म. तुमच्याशी वाद घालतेय असंच वाटलं मला.

अशा वेळी चाकाखाली फ्लोअर मॅट घालतात, हे मृणालनेच कधीतरी सांगितलं होतं. शेजारच्या सीटपुढची मॅट ओढून काढली, तर तिला टाचेएवढं भोक! डॉक्टरांनी तुमचं ड्रायव्हिंग बंद केलं आणि शेवटचा हिवाळा तुम्ही तिथे बसून काढलात, माझ्या प्रत्येक वळणावर पाय दाबत. तिथे ब्रेक नाही, हे तुम्हाला कधी पटलंच नाही ना? किती चिडायचे मी! आज ती मॅट हातात धरून बर्फात रडले. चाकाखाली नाही घातली. परत जागेवर ठेवली.

मग गेल्या हिवाळ्यापासून डिकीतच पडलेला पाटा आठवला. गोधडीत गुंडाळून कसाबसा पुढे आणला आणि तुमच्या सीटवर बसवला. गाडी सुरू केली तर टीं टीं ओरडायला लागली, पॅसेंजरने बेल्ट लावला नाही म्हणून! लावला बेल्ट. समोरच्या बाई खिडकीतून बघत होत्या, त्यांना हात केला.

आता रागावू नका. ज्या बटणाला तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत, ते मी दाबलं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद! चाकं गरगरली, बर्फ उडाला आणि गाडी हळूहळू वर चढली. रस्त्याला लागल्यावर ते पुन्हा चालू केलं, तेवढं कळतं मला. काम पाट्याने केलं की बटणाने, देव जाणे. अर्धं श्रेय तुम्हाला देते.

मृणाल दारातच उभी होती. गाडीत डोकावून बेल्ट लावलेल्या पाट्याकडे बघत राहिली. मग खालच्या मॅटकडे.

"बाबांना फ्रंट सीटच लागायची, ऑलवेज," एवढंच म्हणाली आणि पातेलं उचलून आत गेली. गाडी विकायचा विषय जेवताना निघाला नाही.

तर आता शब्द देते. ती मॅट बदलणार नाही. बर्फ आहे तोवर पाटा तुमच्या जागेवर बसेल, मग मात्र माझ्या स्वयंपाकघरात परत येईल. उतारावर हळू जाईन, पुढच्या गाडीपासून लांब राहीन आणि ब्रेक वेळेवर लावीन. तुम्ही आता पाय उचला.

तुमची,
सुलभा