दोन शेपट्यांचा हत्ती

प्रति,
मा. संगणक अधिकारी,
चादर नक्षी केंद्र, सोलापूर.

विषय : दुरुस्त झालेली चूक जुन्या फायलींपुरती पुन्हा चालू करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

संदर्भीय नोटिशीत माझ्या दोनशे बारा नक्ष्या 'सदोष' ठरवून, मला महिनाअखेर कामावरून कमी का करू नये, असे विचारले आहे. खुलासा सादर करतो.

१. नक्षीच्या सुट्या फायली एकत्र बांधून मागाला चालणारी एक फाईल करून देणारे मुक्त-स्रोत बिल्ड टूल आपल्याकडे आहे. ते कुठली कुठली हौशी मंडळी फुकट सांभाळतात. जुन्या आवृत्तीला एक खोड होती. ती प्रत्येक नक्षीची शेवटची पट्टी खाऊन टाकी. यंत्राशी काय भांडायचे? म्हणून मी अकरा वर्षे शेवटची पट्टी दोनदा काढत आलो. एक टूल खाई, एक चादरीवर येई. कुणाची काही तक्रार नव्हती.

२. गेल्या महिन्यात आपण नवी आवृत्ती बसवली. झकास आहे, तासाचे काम दहा मिनिटांत होते. पण तिने ती खोड सोडली. आता दोन्ही पट्ट्या विणल्या जातात आणि माझ्या हत्तीला दोन शेपट्या फुटल्या. नवी पेठेतील दुकानदार श्री. गुरुशांत यांनी चादर परत करताना "एका शेपटीनं भागत न्हाय व्हय?" असे गिऱ्हाइकांदेखत विचारले. लई लाज वाटली, महोदय.

३. आपल्या ऑपरेटर कु. अंकिता यांनी टूलवाल्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले की, चूक सुधारणे भागच होते, पण जुन्या लोकांचे काम मोडू नये म्हणून सोय ठेवली आहे. फायलीच्या माथ्यावर 'जुना नियम' एवढी ओळ टाका, नव्या आवृत्तीतच ती पूर्वीसारखी चालेल. परमुलुखातल्या माणसांना माझ्या हत्तीची एवढी काळजी! आपण मात्र त्यावर 'अद्ययावत कार्यालयात जुने काही चालणार नाही' असा शेरा मारलात, आणि वर मला नोटीस.

४. आता राहवत नाही म्हणून लिहितो. प्रदर्शनासाठी आपण स्वतः काढलेली, 'सर्वस्वी नवीन' अशी नोंद असलेली मोराची नक्षी काल मागावर चढली. मोराला दोन चोची आल्या. माझी दुहेरी पट्टी आपल्या सर्वस्वी नवीन नक्षीत कुठून आली, याचा खुलासा मी मागत नाही.

५. तरी ती एक ओळ टाकण्यास परवानगी द्यावी, 'सदोष' हा शब्द मागे घ्यावा आणि नोटीस रद्द करावी. सगळ्या फायली मिळून दोन दिवसांचे काम आहे. आपली आधी करून देईन.

अजून तरी कामावर असलेला, आपला नम्र,
रेवणप्पा शिवशरण कलशेट्टी
नक्षीकार
सोलापूर, दि. ६ नोव्हेंबर २०२५

सहपत्रे :
१. हत्तीची चादर, एक नग.
२. टूलवाल्यांच्या उत्तराची प्रत.
३. मोराची चादर जोडलेली नाही. माझ्या कपाटात घडी घालून ठेवली आहे. अजून कुणाला दाखवलेली नाही.